अडचणीच्या जागेत तांब्याची नळी कापायला कोणता मिनी कटर घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे आणि सावदा-फैजपूर पट्ट्यात मी बावीस वर्षं फ्रिज-एसीची कामं करतोय. नवीन पोरं, आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली मुलं आणि कधी कधी स्वतःच्या घरचं काम स्वतः करू पाहणारी माणसंही मला कटरबद्दल विचारतात. एवढीशी वस्तू, पण खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की त्याच वस्तूमुळे कुणाच्या घरात रात्रीची झोप लागते किंवा उडते. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका जागी सविस्तर लिहून ठेवतोय.

मिनी कटर म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या कटरपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

काम दोघांचं एकच. एका बाजूला धारदार गोल चाक, ज्याला आपण ब्लेड म्हणतो, आणि समोर दोन गुळगुळीत रोलर. मध्ये नळी. नॉब आवळला की ब्लेड नळीत रुततं आणि कटर नळीभोवती फिरवत गेलं की खोबण खोल होत होत नळी तुटते. मोठ्या कटरला लांब दांडी असते, त्यामुळे जोर लावायला बरं पडतं, पण ती दांडी भिंतीला आपटते. मिनी कटरला दांडीच नसते. नॉब अंगालाच चिकटलेला, सगळा कटर मुठीत मावतो आणि बोटांनी फिरवता येतो.

भो, हेक्सा ब्लेडने (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने) कापलं तर काय बिघडतं? नळी तर तुटतेच ना?

तुटते. बिघडतं ते नंतर.

हे मी स्वतः भोगलं आहे, म्हणून जरा लांब सांगतो. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. लेकी माहेरी आलेल्या, घरं भरलेली, आणि आमच्याकडे फोनवर फोन. जळगावातल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये स्प्लिट एसी काढून दुसऱ्या खोलीत लावायचा होता. इनडोअरच्या मागे भिंतीतून नळी चार बोटं बाहेर आलेली, दोन्ही बाजूंना कोपरा. माझा दांडीवाला कटर अर्धाही फिरेना. मी हेक्साचं सुटं ब्लेड फडक्यात धरलं आणि नळी कापली. तोंड काणशीने सारखं केलं, फुंकर मारली, फ्लेअर काढला, म्हणजे नट बसावा म्हणून तोंड कर्ण्यासारखं फुलवलं. एसी चालू, थंड हवा चालू, पैसे घेऊन मी निघालो.

बाराव्या दिवशी फोन आला की कूलिंग बंद. त्या घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या, खोलीत पंखाही गरम हवा फेकत होता. आउटडोअर उघडला, गॅस काढला, कॅपिलरीच्या, म्हणजे केसासारख्या भोकाच्या बारीक नळीच्या, तोंडाची जाळी कापून पांढऱ्या फडक्यावर झटकली. फडक्यावर तांब्याचा बारीक कीस पडला, उन्हात चमचमणारा. मीच पाडलेला कीस. तो नळीतून इनडोअरमध्ये, तिथून कॉम्प्रेसरमध्ये, पुढे कंडेन्सरमध्ये असा सगळीकडे फिरून शेवटी जाळीत येऊन बसला होता. सगळी लाइन नायट्रोजनने धुऊन काढायला, जाळी बदलायला आणि गॅस भरायला दोन दिवस गेले. खर्च मी सोसला, तो सोसायलाच हवा होता. त्या आजींचे दोन दिवस मात्र मला भरून देता आले नाहीत.

कटरचं ब्लेड धातू खरवडत नाही, दाबून वेगळा करतं, त्यामुळे कीस पडत नाही. शिवाय तोंड काटकोनात येतं. हेक्साने कापलेलं तोंड थोडं तरी तिरपं होतंच आणि तिरप्या तोंडाचा फ्लेअर एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद होतो. लिकेज तिथूनच सुरू होतं.

कोणत्या मापाचा कटर घेऊ? आम्ही तर सुतात बोलतो.

सुतातच बोलू. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिमी. एसीची नळी बाहेरच्या व्यासावर मोजतात. दोन सूत म्हणजे १/४ इंच, ६.३५ मिमी. तीन सूत ९.५२, चार सूत म्हणजे अर्धा इंच १२.७, पाच सूत १५.८८ आणि सहा सूत १९.०५ मिमी.

घरगुती स्प्लिट एसीत लिक्विडची बारीक नळी बहुतेक वेळा दोन सूत असते. सक्शनची जाड नळी एक टनाला तीन किंवा चार सूत, दीड टनाला साधारण चार सूत, दोन टनाला पाच सूत. म्हणजे ३ ते १६ मिमीचा सगळ्यात लहान मिनी कटर तुमची घरगुती एसीची जवळपास सगळी कामं उरकतो. बाजारात सीटी-१२७ या नंबराने मिळतो तो याच मापाचा आणि रिजिड कंपनीचा १०३ नंबरही त्याच मापाचा आहे. त्याहून मोठं काम असेल, म्हणजे कोल्ड रूम, मोठे डक्टेबल एसी, केळी पिकवण्याचे चेंबर, तर २८ मिमीपर्यंत जाणारा, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी एवढं घेणारा कटर लागतो. रिजिडचा १०१ तिथपर्यंत जातो.

मग सरळ २८ मिमीचाच घेतला तर? लहान-मोठं दोन्ही होईल.

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. तोंड जितकं मोठं, तितका कटरचा घेर मोठा. दोन सुताची नळी २८ मिमीच्या कटरने कापता येते, पण त्याला फिरायला जागा जास्त लागते आणि अडचणीच्या जागेत कमी असते ती जागाच. मोठ्या मापाचा मोह अशा वेळी नडतो. जी नळी अडचणीत कापायची आहे तिच्या मापाला पुरेल असा लहानात लहान कटर घ्या.

माझ्या जागेत कटर फिरेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

डब्यावर फक्त नळीचं माप लिहिलेलं असतं. फिरायला किती जागा लागते ते क्वचितच लिहितात, आणि आपल्याला हवा असतो तोच आकडा. तो काढायचा असा.

दुकानात जाताना खिशात नळीचा वीतभर तुकडा ठेवा, ज्या मापाची नळी तुम्ही जास्त कापता त्या मापाचा. कटर त्या तुकड्यावर चढवा, ब्लेड नुसतं टेकेल एवढं आवळा. आता नळीच्या अंगापासून कटरचं सगळ्यात लांबचं टोक किती दूर आहे ते पट्टीने मोजा. हे टोक बहुतेक वेळा नॉबचं असतं. जेवढं अंतर आलं तेवढी मोकळी जागा नळीच्या चारही बाजूंनी हवी, वर तुमच्या बोटांना अर्धा इंच धरा.

यात एक खाच आहे. बऱ्याच कटरमध्ये नॉब मागे फिरवून तोंड उघडलं की नॉबही बाहेर सरकतो. म्हणजे तोच कटर दोन सुताच्या नळीवर कमी जागा घेतो आणि पाच सुताच्या नळीवर जास्त. दोन सुतावर मोजून आलात आणि सक्शन लाइनवर चढवला तर नॉब भिंतीला लागतो. म्हणून मोजमाप जाड नळीवर करा. काही कटरमध्ये स्क्रू आतल्या आत चालतो, नॉब बाहेर येत नाही. असा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

जागेवरचं मोजमाप त्याहून सोपं. टेप आत जात नसेल तर पुठ्ठ्याची पट्टी कापा, नळीला टेकवून भिंतीपर्यंत सरकवा, नखाने खूण करा. मी अजूनही हेच करतो.

कटर पूर्ण फिरतच नाही, अर्ध्यावर अडतो. आता?

आधी नळीकडे बघा. इनडोअरच्या मागची नळी मऊ तांब्याची असते, ती हलक्या हाताने थोडी पुढे ओढता आली तर दोन बोटं जागा सुटते. एका झटक्यात वाकवू नका, चेमटेल. स्प्रिंग बेंडर असेल तर तो घालून वाकवा. इन्सुलेशन वीतभर मागे सरकवायला विसरू नका, तेवढ्यानेही जागा मिळते. इनडोअर वरच्या हुकावर ठेवून खालून उचलून धरला आणि मागे लाकडाचा ठोकळा दिला तर हात आत जातो. हे काम दोघांचं आहे, हेल्पर हवाच.

तरीही अडलं, तर कटर पुढे-मागे असा झुलवत कापता येतो, पण ब्लेड नळीच्या सगळ्या अंगावर पोहोचलं पाहिजे. ते पोहोचत नसेल तर कटर काढून उलट्या बाजूने चढवायचा आणि आधीच्याच खोबणीत ब्लेड बसवायचं. खोबण नखाला लागते, डोळ्याला दिसली नाही तरी. एक सुताएवढं जरी इकडे-तिकडे बसलं तर दोन रेघा होतील आणि तोंड पायरीसारखं तुटेल. घाईत हा उद्योग करू नका.

एकाच मापाचे गोल कटर मिळतात ते घ्यावेत का?

ते खरोखर कमी जागेत चालतात. सी आकाराचे असतात, आत स्प्रिंग असते, नॉब नसतोच. नळीवर चापायचा आणि बाणाच्या दिशेने फिरवायचा, स्प्रिंग आपोआप ब्लेड दाबत जाते. काहींना रॅचेटची मूठ लागते, तेव्हा थोडंसं मागे-पुढे केलं तरी कटर एकाच दिशेने फिरत राहतो. डक्टमध्ये हात कसाबसा जातो तिथे याला तोड नाही.

पण घेताना मापाची खात्री करा. परदेशी प्लंबिंगसाठी बनवलेले कटर १५ आणि २२ मिमीचे असतात. आपल्या पाच सुताच्या नळीचं माप १५.८८. पंधराचा कटर तिच्यावर नीट बसत नाही, आणि चार सुताच्या नळीवर तर सैल पडतो. शिवाय ‘अर्धा इंच’ हा शब्द फसवा आहे. एसीच्या तांब्याचा अर्धा इंच म्हणजे बाहेरून १२.७ मिमी, पाण्याच्या जीआय पाइपचा अर्धा इंच म्हणजे बाहेरून २१.३ मिमी, आणि सीपीव्हीसीचा अर्धा इंच बाहेरून साधारण १५.९ मिमी. ऑनलाइन मागवताना नुसतं अर्धा इंच वाचून बटण दाबू नका, मिमी वाचा.

दुकानात हातात घेतल्यावर काय काय तपासायचं?

जळगावात एक गंमत होते. इथे प्लास्टिक पाइप आणि ठिबकचा एवढा मोठा धंदा आहे की ‘पाइप कटर द्या’ म्हटलं की दुकानदार पीव्हीसी कापायची कात्री पुढे ठेवतो. म्हणून ‘तांब्याच्या नळीचा कटर’ असंच सांगा.

मग ब्लेड अंगठ्या-बोटात धरून बाजूला हलवून बघा. ते गोल फिरायला हवं, पण डावीकडे-उजवीकडे लुटलुटायला नको. लुटलुटणारं ब्लेड नळीवर सरळ रेघ मारत नाही, मळसूत्रासारखं सरकत जातं. रोलर दोन्ही सारखे फिरतात का बघा. एक जरी अडकत असेल तर नळीवर ओरखडे येतात.

आता खिशातला तुकडा काढा आणि दुकानातच एक काप घ्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. पहिल्या फेरीनंतर कटर काढून रेघ बघा. जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मिळाली तर कटर सरळ आहे. बाकी रंग, डबा, चकाकी सोडून द्या.

नॉबला खोल खाचा हव्यात, कारण आपला हात तेलाचा आणि घामाचा असतो. ब्लेड सुटं मिळतं का ते विचारा. ज्याचं ब्लेड मिळत नाही तो कटर एका हंगामाचा सोबती. साधा मिनी कटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, नावाजलेल्या कंपनीचा त्याच्या कितीतरी पट पडतो. रोजचं काम असेल तर महागडा परवडतो, वर्षातून चार वेळा लागत असेल तर साधा पण तपासून घेतलेला चालेल.

कापायची बरोबर पद्धत कोणती?

आधी गॅस. पंप डाउन करून (गॅस आउटडोअरमध्ये ओढून) किंवा रिकव्हरी करून (गॅस वेगळ्या टाकीत काढून घेऊन) लाइन रिकामी झाल्याशिवाय कटर लावायचा नाही. दाबाखालची नळी कापली तर उडणाऱ्या थंड गॅसने बोटं भाजतात, हो, थंडीनेही भाजतात. वीज मेन स्विचपासून बंद.

मार्करने खूण करा. ब्लेड खुणेवर ठेवा, नॉब इतकाच आवळा की ब्लेड नळीला टेकेल. एक पूर्ण फेरी मारा. नळीवर केसासारखी चमकदार रेघ दिसेल. आता नॉब पाव आट्याहून कमीच आवळा आणि पुन्हा फेरी. आवळणं थोडं, फिरवणं जास्त. पातळ नळी असेल तर एका आवळण्याला दोन फेऱ्या. शेवटाकडे कटर एकदम हलका होतो, बोटांना ते कळतं. तिथे आवळणं थांबवून नुसतं फिरवा, नळी आपोआप सुटते.

घाईत नॉब कचकचून आवळला की तीन गोष्टी होतात. नळी अंडाकृती होते, आतली कड जाड होऊन आत वळते आणि ब्लेडची धार जाते. अंडाकृती नळीवर फ्लेअरिंग टूलचा साचा नीट बसत नाही, नट चढताना अडतो. नवीन पोरांच्या हातात मी पहिल्या दिवशी फक्त एक फूट भंगार नळी आणि कटर देतो आणि बोटभर रुंदीच्या चकत्या कापायला सांगतो. दहा चकत्या टेबलावर उभ्या राहिल्या, एकही लवंडली नाही, की मग साइटवर नेतो.

आतली बर काढायलाच हवी का?

हो. कटरने कीस पडत नाही, पण आतल्या बाजूला कड उभी राहते, तीच बर. तिच्यावरच फ्लेअर काढला तर काठाला बारीक चिरा पडतात. आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसचा दाब जुन्या आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असतो. जुन्या एसीत जी चीर वर्षभर खपून जायची ती आता महिन्यात गॅस घालवते.

बर काढताना नळीचं तोंड खाली करा, म्हणजे कण बाहेर पडतील. भिंतीतून आडवी आलेली नळी खाली वळवता येत नसेल तर कोरड्या फडक्याचा बोळा दोऱ्याला बांधून आत सारा, बर काढा, मग दोऱ्याने बोळा ओढून घ्या. दोरा बांधायचाच, नाहीतर बोळा आतच राहील. रीमर, म्हणजे बर खरवडायचं हत्यार, चार-पाच वेळा हलका फिरवला की पुरे. जास्त खरवडलं तर काठ कागदासारखा पातळ होतो आणि नट आवळताना फाटतो. मिनी कटरला रीमर जोडलेला नसेल तर पेनासारखा वेगळा मिळतो, अडचणीत तोच सोयीचा.

फ्लेअर फाटला आहे आणि मागे नळी जेमतेम उरली आहे. किती कापावी लागेल?

इथे रोलरवरची खाच कामाला येते. चांगल्या मिनी कटरच्या रोलरला कडेजवळ एक खोबण असते. फुललेला फ्लेअर त्या खोबणीत बसतो आणि ब्लेड फ्लेअरच्या अगदी मागे लागतं. नळीचे दोन-चार मिलिमीटरच वाया जातात. खोबण नसेल तर रोलर सपाट नळीवर बसवण्यासाठी बरंच मागे यावं लागतं आणि नळी तोकडी पडली की मधे जोड, ब्रेझिंग (टॉर्चने तापवून जोडणं) आणि लिकेजची नवी जागा. कटर घेताना ही खोबण आहे का ते मी सगळ्यात आधी बघतो.

नवा फ्लेअर काढण्याआधी नट नळीत घाला. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. चार सुताच्या नळीचा फ्लेअर आर-३२ साठी बाहेरून १६.२ ते १६.६ मिमी हवा, दोन सुताचा ८.७ ते ९.१. वर्नियर असेल तर एकदा मोजून बघा.

नळी दाबली गेली तर चूक कटरची की नळीची?

कधी कधी नळीची. आर-३२ साठी दोन, तीन आणि चार सुताच्या नळीची जाडी किमान ०.८ मिमी आणि पाच सुताची १ मिमी असावी, असं कंपन्यांच्या पुस्तिकेतच असतं. बाजारात गेजवर बोलतात. २० गेज म्हणजे ०.९१ मिमी, २२ गेज म्हणजे ०.७१. गेजचा आकडा वाढला की नळी पातळ होते, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. २२ गेजची मऊ नळी कितीही चांगल्या कटरखाली चेमटू शकते. गिऱ्हाइकाला जाडी सांगा, फरक सांगा, मग त्याला ठरवू द्या.

कॅपिलरी याच कटरने कापता येते का?

नाही. भोक मिलिमीटरच्या आसपासचं, ते दाबून बंद होईल. बारीक त्रिकोणी काणशीने गोल खाच पाडा आणि हलक्या हाताने मागे-पुढे वाकवून तोडा, नाहीतर कॅपिलरीची खास कात्री घ्या.

फ्रिजच्या मागे तर बोटंही जात नाहीत. तिथे टॉर्चने जोड सोडवणं सोपं नाही का?

सोपं वाटतं आणि तिथेच धोका आहे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा गॅस. भरणा थोडा, घरगुती फ्रिजमध्ये साधारण शंभर ग्रॅमच्या आत, पण बंद स्वयंपाकघरात तेवढाही पुरेसा आहे. तेलात विरघळलेला गॅस लाइन रिकामी केल्यावरही थोडा थोडा सुटत राहतो. अशा लाइनवर टॉर्च नेऊ नका. कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा, फ्रिजची पिन काढा, शेगडी आणि देवासमोरची समई विझवा, दारं-खिडक्या उघडा, गॅस नळीने घराबाहेर मोकळ्यावर सोडा आणि मग जोड मिनी कटरनेच कापून वेगळा करा. कॉम्प्रेसरच्या नळ्या दोन सुताच्या आसपास असतात, ३ ते १६ मिमीचा कटर तिथे फिरतो. माझ्या मते मिनी कटर विकत घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, एसीचं काम याच्या मागून येतं.

केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये कोणता कटर चालेल?

रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडच्या मेकॅनिक भावांचा हा प्रश्न असतो. तिथे सक्शन लाइन सात सूत, नऊ सूत, म्हणजे २२ आणि २८ मिमीपर्यंत जाते आणि कूलिंग युनिट छताला लागून, मागे पफ पॅनल, म्हणजे फोम भरलेली भिंत. लहान कटरचं तोंड तिथे पुरत नाही. २८ मिमीपर्यंतचा बुटका कटर लागतो आणि लिक्विड लाइनसाठी १६ मिमीचा वेगळा. जागा फारच कमी असेल तर त्या मापाचा रॅचेटवाला.

पफ पॅनलजवळ टॉर्चने जुना जोड सोडवू नका. पफ पेटला की विषारी धूर होतो आणि बंद खोलीत पळायला एकच दार असतं. जुना भाग कटरने कापून काढा, होईल तेवढं ब्रेझिंग खाली जमिनीवर करून घ्या आणि वरचा एखादाच जोड राहील असं बघा. तो मारतानाही मागे ओलं फडकं आणि पत्रा, हाताशी अग्निशामक.

खोलीत माल असेल तर काम घड्याळावर चालतं. केळी १३ अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते, आणि कूलिंग बंद पडून तापमान चढलं की सगळा माल एकदम पिकतो. शेतकऱ्याचं दहा-अकरा महिन्यांचं पीक त्या खोलीत असतं. म्हणून या कामाला जाताना मी दोन कटर आणि दोन जादा ब्लेड घेऊनच जातो.

हाच कटर पीव्हीसी, सीपीव्हीसी किंवा ठिबकच्या नळीला?

तांबं कापायचं ब्लेड बुटकं असतं, जाड प्लास्टिकच्या आरपार जात नाही. सीपीव्हीसीला कात्री, ठिबकच्या लॅटरलला धारदार चाकू पुरे. ब्रेकच्या स्टीलच्या नळीला स्टीलचं ब्लेड लागतं. तांब्याचं ब्लेड स्टीलवर एकदा चालवलं की पुन्हा तांब्यावर चालवू नका. गाडीच्या एसीतली ॲल्युमिनियमची नळी मात्र याच कटरने छान कापली जाते, फक्त आवळणं आणखी हलकं ठेवा.

ब्लेड कधी बदलायचं?

काप घ्यायला पूर्वीपेक्षा जास्त आवळावं लागतंय, रेघ भरकटतेय, किंवा ब्लेड उजेडाकडे धरल्यावर धारेवर पांढरी चमक दिसतेय, तेव्हा. चांगल्या धारेवर प्रकाश थांबत नाही. एक जरी कपचा उडालेला दिसला तर लगेच बदला. नव्या ब्लेडची पिन पूर्ण आत गेली का ते बघा, अर्धवट पिनेने ब्लेड तिरपं बसतं.

उन्हाळ्यात आणि धुळीत त्याची काळजी कशी घ्यायची?

गच्चीवर उन्हात ठेवलेला कटर दुपारी हातात धरवत नाही, आणि आपण तो तसाच घाईने फडक्यात धरून चालवतो, मग बोटांना दाबाचा अंदाज येत नाही. सावलीत, पिशवीत ठेवा. संध्याकाळी ब्रशने धूळ झटकून स्क्रूला आणि ब्लेडच्या पिनेला मशीन ऑइलचा एक थेंब द्या. जादा तेल पुसून टाका, ते नळीत जायला नको.

आणि त्याला दोरी बांधा. चौथ्या मजल्यावरच्या डक्टमध्ये सुटलेला कटर खाली कुणाच्या डोक्यावर पडू शकतो. काही कटरच्या अंगाला दोरी अडकेल अशी खाच असते. नसेल तर भोक पाडू नका, अंग कमजोर होतं. जाड सुतळी दोनदा गुंडाळून गाठ मारा आणि दुसरं टोक मनगटाला.

मी नवीन आहे, एकच घ्यायचा तर कोणता?

घरगुती एसी-फ्रिज करणार असाल तर ३ ते १६ मिमीचा, रोलरवर फ्लेअरची खोबण असलेला, सुटं ब्लेड मिळणारा. सोबत पेनासारखा रीमर. दांडीवाला मोठा कटर पुढच्या हंगामात घेतला तरी चालेल, कारण मोकळ्या जागेतली नळीही या लहान कटरने कापता येते, फक्त दोन मिनिटं जास्त लागतात.